बल्ब भरण्याआधी

पोटॅशियम ७.८. लॅबमधून फोन येतो, तो घेणारी मुलगी आकडा परत वाचून खात्री करून घेते, वहीत लिहिते आणि डॉक्टरांकडे धावते. धावायलाच हवं. साडेतीन ते पाचच्या आसपास असायला हवं ते पोटॅशियम आठाला टेकलं, तर हृदय कुठल्याही क्षणी बंद पडू शकतं. ईसीजीचं मशीन ओढत आणलं जातं, हृदयाला सावरणाऱ्या कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्युल काढून ठेवली जाते. आणि ज्यांचं हे रक्त, ते खानापूरकडचे आजोबा कॉटवर मांडी घालून सुनेनं आणलेली भाकरी खात बसलेले असतात. ईसीजी व्यवस्थित. दुसरं रक्त काढून पाठवलं जातं. पोटॅशियम ४.३.

मशीन चुकलेलं नव्हतं. त्या पहिल्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त भरायच्या नळीत, खरोखरच तेवढं पोटॅशियम होतं. ते आजोबांच्या अंगात मात्र नव्हतं. शीर सापडत नव्हती म्हणून पट्टा बराच वेळ आवळलेला राहिला. मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा, असं करायला लावलं. सुई बारीक घेतली, सिरिंजचा दांडा जोरानं ओढला आणि ते रक्त त्याच सुईतून बल्बमध्ये दाबून भरलं. एवढ्या धसमुसळेपणात तांबड्या पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या पाण्याच्या वीसपटीहून जास्त असतं, ते सगळं बाहेर सांडतं, आणि मशीन प्रामाणिकपणे ते मोजतं.

बेळगावातल्या दवाखान्यांमध्ये मी बरीच वर्षं नर्सिंग केलं, आता नवीन मुलींना वॉर्डात शिकवते. रक्त, लघवी, थुंकी, पू, पाठीच्या मणक्यातलं पाणी, काहीही तपासायला पाठवायचं असलं तर पहिला हात आमचा लागतो, किंवा निदान बाटली आमच्या हातून जाते. तरी वॉर्डात हे काम सगळ्यांत कनिष्ठ मुलीकडे दिलं जातं. 'जा, सॅम्पल घेऊन ये,' इतकंच सांगितलं जातं. मला ते मनापासून खुपतं. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांमधल्या चुकांचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांतल्या बहुतेकांना एकच गोष्ट दिसली आहे: निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणजे कॉटपाशी, बाथरूमच्या दारात, कॉरिडॉरमध्ये, मोटारसायकलच्या डिकीत.

आणि यातलं सगळ्यांत अवघड असं, की चुकीचं सॅम्पल बहुतेक वेळा चुकीचं दिसत नाही. पेशी फुटल्या तर निदान सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, गुलाबी दिसतं, लॅबवाले ओळखतात. पण ज्या हाताला ग्लुकोजचं सलाईन चालू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूनं रक्त घेतलं तर? बल्ब नेहमीसारखाच भरतो. रंगही तोच. रिपोर्ट येतो तेव्हा साखर भलतीच वाढलेली, हिमोग्लोबिन उतरलेलं. तो आकडा इतका नेटका छापलेला असतो की त्यावर अविश्वास दाखवायला कुणाची छाती होत नाही. लॅब बल्ब पाहते, डॉक्टर आकडा पाहतात. ते रक्त कुठल्या हातातून, कसं, किती खटपटीनं आलं हे पाहणारी माणसं दोनच असतात. एक पेशंट, त्याला यातलं काही कळत नाही. दुसरी नर्स. म्हणून तिनं जे पाहिलं ते तिनं सांगितलं पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

सुरुवात नावापासून करते, कारण आमच्या भागात नाव हाच मोठा विषय आहे.

बेळगाव म्हणजे चारी बाजूंनी माणूस येऊन टेकतं असं गाव. खानापूर, जांबोटी, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणीकडून लोक येतात, तसे महाराष्ट्राच्या हद्दीतल्या चंदगडहून येतात, दोडामार्गहून येतात. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू चालू असतं. केसपेपर इंग्रजीत, आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजी लिपीत, घरी हाक मारायचं नाव तिसरंच. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्या सगळ्या मुलखाची देवी. त्यामुळे यल्लव्वा, यल्लुबाई, रेणुका, यल्लाप्पा, परशराम ही नावं प्रत्येक वॉर्डात दोन-तीन तरी सापडणारच. जिला घरात यल्लव्वा म्हणतात ती कागदावर रेणुका असते. आडनाव पाटील असलं तर मग विचारूच नका.

अशा वॉर्डात जाऊन 'लक्ष्मीबाई पाटील तुम्हीच ना?' असं विचारलं तर शेजारच्या कॉटवरची शांताबाईसुद्धा 'होय' म्हणते. तिला नीट ऐकू आलेलं नसतं, किंवा सिस्टर विचारतात म्हणजे होयच म्हणायचं असतं अशी तिची समजूत असते. म्हणून नियम असा, की नाव आपण सांगायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं. 'तुमचं नाव काय, मावशी? पूर्ण सांगा.' आणि इथे दुसरी अडचण येते. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'लक्ष्मी' म्हणतात आणि गप्प बसतात, किंवा पदर तोंडाला लावून हसतात. मधलं नाव शेजारच्या कॉटवरून कुणीतरी ओरडून सांगतं. कितीतरी नवीन मुलींना वाटतं की बाई उगाच वेळ खाते आहे. नाही. तिच्यासाठी ती आयुष्यभराची रीत आहे, आणि ती पाळूनही ओळख पक्की करता येते. हातातल्या पट्टीवरचा आयपी नंबर, म्हणजे दवाखान्यात भरती झाल्याचा नंबर, वाचायचा, वय विचारायचं, गाव विचारायचं. नाव आणि नंबर, निदान दोन खुणा जुळल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. 'कॉट नंबर बारा' ही ओळख नव्हे. कॉट रात्रीतून बदलतात.

रक्त चढवायच्या आधी क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते बघायला, सॅम्पल जातं, तिथे तर मी मुलींच्या पाठीशी उभी राहते. कार्ल लँडस्टायनरनं १९०१ साली रक्तगट दाखवून दिले तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की एकाचं रक्त दुसऱ्याला चालेलच असं नाही. ए गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त गेलं तर काही मिलिलिटरमध्येही घात होऊ शकतो. रक्तपेढीतला तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी बल्बवर नाव एकाचं आणि आत रक्त दुसऱ्याचं असेल, तर त्या एका बल्बवरून त्याला ते कळायचा मार्ग नाही. तो निर्दोष तपासणी करून चुकीच्या माणसाचा गट सांगणार. म्हणून पहिल्यांदाच गट ठरवायचा असेल तर दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेली सॅम्पलं मागण्याची पद्धत चांगल्या रक्तपेढ्यांत आहे. दुसऱ्यांदा टोचताना नातेवाईक चिडतात. चिडू देत. त्यांना शांतपणे समजावून सांगायचं. दोन्ही बल्ब एकदमच भरून एक मागाहून पाठवायचा, हा मार्ग काढायचा नाही.

बल्बवर लेबल कधी लावायचं? रक्त काढल्यावर, कॉटपाशीच, पेशंट समोर असताना. आधी दहा बल्बांवर नावं लिहून ट्रे भरून निघणं सोयीचं वाटतं, सकाळी घाई असते, हे मला मान्य आहे. पण एखादी लक्ष्मीबाई बाथरूमला गेलेली असते, आपण पुढच्या कॉटवर जातो, आणि ट्रेमध्ये तिचं नाव असलेला बल्ब हाताला पहिला लागतो. बिनलेबलाचे भरलेले बल्ब खिशात टाकून नर्सिंग स्टेशनवर येऊन नावं लिहिणं हे तर त्याहून वाईट.

आता बल्बांचे रंग. निळ्या बुचाचा, लाल किंवा पिवळ्या बुचाचा, हिरवा, जांभळा, करडा. हा क्रम मी मुद्दामच असा सांगितला. रक्त याच क्रमानं भरायचं असतं, आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, असेल तर त्याच्या बाटल्या सगळ्यांच्या आधी. जोसेफ क्लाइनर नावाच्या माणसाला १९४९ साली हवा काढून घेतलेल्या नळीचं पेटंट मिळालं, त्यातून आजचा व्हॅक्युटेनर आला. नळीतली पोकळीच ठरलेलं रक्त ओढून घेते. पण प्रत्येक नळीत वेगळं औषध असतं. निळ्यात सोडियम सायट्रेट, एक भाग औषधाला नऊ भाग रक्त, गोठण्याच्या तपासण्यांसाठी. जांभळ्यात ईडीटीए, सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला. करड्यात फ्लोराइड, साखरेसाठी.

क्रम पाठ करून घेणं सोपं, कारण सांगणं जास्त मोलाचं. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणूनच रक्त गोठत नाही, आणि ते औषध पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. जांभळा आधी भरला आणि सुईच्या टोकाला लागलेला थेंब पुढच्या लाल बल्बमध्ये गेला, तर रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. जांभळ्यात जास्त झालेलं रक्त बूच उघडून लाल बल्बमध्ये ओतणारेही मी पाहिले आहेत, 'तेवढंच कमी पडत होतं' म्हणून. त्या माणसाच्या अंगात काहीही बिघडलेलं नसतं. बिघाड आपण तयार करून पाठवलेला असतो. हे एकदा समजलं की मुली क्रम विसरत नाहीत.

भरल्यावर बल्ब हलवायचा नाही, उलटासुलटा करायचा. मनगट सावकाश वळवायचं, बूच खाली, आतली हवा वर सरकू द्यायची, परत सरळ. जांभळा आठ ते दहा वेळा, निळा तीन-चार वेळा. घाईत एकदा झटका देऊन ठेवून दिलं की तळाशी बारीक गुठळी राहते, आणि मग प्लेटलेट फक्त पंधरा हजार असा रिपोर्ट येतो. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, अशा रिपोर्टनं घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. कुणी प्लेटलेटच्या पिशवीसाठी रात्री रक्तपेढ्या पालथ्या घालतं. प्लेटलेट सगळ्या त्या गुठळीत अडकलेल्या असतात.

शीर शोधणं हे मात्र पुस्तकातून येत नाही. निपाणीकडच्या, वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बायकांची बोटं निबर असतात, पण कोपराच्या आतल्या बाजूची शीर बारीक आणि खोल. ऊसतोडीला जाणाऱ्या गड्याची शीर दोरखंडासारखी वर आलेली, आणि बोट ठेवलं की बाजूला सरकणारी. डोळ्यानं दिसणाऱ्या शिरेपेक्षा बोटाखाली लवचिक लागणारी शीर खरी. मी मुलींना डोळे मिटून चाचपायला लावते. कोपराच्या खळग्यात मधली शीर आधी बघायची, नाहीतर अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची शेवटी, कारण तिच्याजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात. पट्टा एका मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. शोधण्यातच मिनिट गेलं तर पट्टा सोडा, हात खाली लोंबू द्या, जरा थांबा, मग परत बांधा. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्या. ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की पेशंटला झोंबतं आणि पेशी फुटतात, दोन्ही. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला असलेला हात, छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात, यांना हात लावायचा नाही. दोन प्रयत्न फसले तर दुसरीला बोलवा. यात कमीपणा काही नाही.

उपाशीपोटी रक्ताचंही जरा सांगायला हवं. आमच्या भागात चहा हे खाणं मानलं जात नाही. 'मी काय खाल्लो नाही गे अक्का, नुस्ता चा पिलो,' हे मी रोज सकाळी ऐकते, आणि त्या चहात दोन चमचे साखर असते. एकादशीच्या दिवशी आणखी एक घोळ. 'उपास हाय माझा,' म्हणून बाई खात्रीनं सांगते, आणि रात्री झोपताना साबुदाण्याची खिचडी, पहाटे केळं झालेलं असतं. तिला दोष कसा द्यायचा? म्हणून 'उपाशी आहात का?' हा प्रश्न मी विचारतच नाही. 'काल रात्री शेवटचं काय खाल्लं? किती वाजता? सकाळी उठल्यावर तोंडात काय काय गेलं?' असं विचारते. चहा निघतो, मिश्री निघते, तंबाखू निघतो, कधी शुगरची गोळीही निघते. जे निघेल ते फॉर्मवर लिहायचं.

निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हणजे खोकला, हे इथे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. त्यामुळे विडी कामगार बाईचा खोकला महिना झाला, दोन महिने झाले, तरी कुणाला काही वाटत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला. आज सीबीनॅट मशीन दोन तासांच्या आत सांगतं की थुंकीत क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध त्याच्यावर चालेल का. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट मशीन तर लहान आरोग्य केंद्रांतही बसवता येतं. इतकी मोठी सोय झाली. पण त्या मशीनच्या तोंडाशी जर नुसती लाळ पोचली, तर ते 'जंतू सापडला नाही' असंच सांगणार. आणि ती बाई 'मला टीबी नाही' असं समजून घरी जाणार, नातवाला मांडीवर घेणार.

म्हणून बेडका घेणं हे मी शिकवते तेव्हा मुलींना आधी स्वतः करून दाखवायला लावते. पेशंटच्या हातात डबी देऊन 'यात थुंका' म्हटलं की ती समोर थुंकते, संपलं. तसं नाही. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, मिश्री लावलेली असेल तर दोन-तीनदा. मग बाहेर मोकळ्या हवेत न्यायचं, वॉर्डात नाही, संडासात तर नाहीच, कारण बंद जागेत जंतू हवेत राहतात. आपण वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, तोंडाला मास्क. तिला म्हणायचं, खोल श्वास घ्या, जरा धरून ठेवा, सोडा. परत. तिसऱ्या वेळी पोटातून खोका. छातीच्या तळातून जे येईल ते डबीत, बाहेर न सांडता. मग डबी उजेडात धरून बघायची. दाट, चिकट, पिवळसर असेल आणि दोन मिलिलिटर तरी असेल तर चाललं. पाण्यासारखं फेसाळ असेल तर परत. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात दोन नमुने घ्यायची पद्धत आहे, एक तिथल्या तिथे आणि एक पहाटे उठल्याबरोबरचा. रात्रभर छातीत साठलेलं पहाटे वर येतं, म्हणून दुसरा जास्त मोलाचा.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत ती बाई आणखी एक गोष्ट विचारते, हळू आवाजात: 'घरात कळंल का?' सुनेला कळलं तर ताट वेगळं काढतील, मुलीच्या लग्नात आडवं येईल, ही भीती तिला खोकल्यापेक्षा मोठी असते. कित्येकदा नीट बेडका न येण्याचं कारण छातीत नसतं, या भीतीत असतं. तिच्याशी तिच्या बोलीत बोललं, शेजारी कुणी नाही हे दाखवलं, औषध फुकट आहे आणि नेमानं घेतलं तर आजार बरा होतो हे सांगितलं, की ती मोकळी खोकते. हे मी अनेकदा बघितलं आहे. पेशंटशी बोलणं हा सॅम्पल घेण्याच्या तंत्राचाच भाग आहे असं मी मानते. कन्नड बोलणाऱ्या बाईशी माझ्या बरोबरीच्या कन्नड सिस्टर बोलतात, केरळहून आलेल्या मुली दोन-तीन महिन्यांत दोन्ही भाषांत 'खोल श्वास घ्या' म्हणायला शिकतात. शिकायलाच हवं.

लघवीच्या बाबतीतही लाज हीच मोठी अडचण. कल्चरसाठी मधल्या धारेची लघवी लागते: स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली बाटलीत, शेवटची परत सोडून. सामायिक संडासात, बाहेर चार बायका थांबलेल्या असताना, लुगडं सावरत एखाद्या सत्तरीच्या बाईनं हे सगळं कसं करावं, याचा विचार फॉर्मवर टिक करणाऱ्यानं केलेला नसतो. आमच्या वॉर्डातल्या मावशी तिथे आधार. त्या आत जातात, धरून उभं करतात, बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागणार नाही असं बघतात. कॅथेटर असेल तर पिशवीतली लघवी कधीच घ्यायची नाही, ती तासन् तास तुंबलेली असते. नळीवरची सॅम्पल घ्यायची जागा पुसून सिरिंजनं ओढायची. आणि तासाभरात लॅबला, नाहीतर फ्रिजमध्ये. उघड्यावर राहिलेल्या लघवीत जंतू दुप्पट-चौपट होत जातात, आणि ज्याला संसर्ग नाही त्याला अँटिबायोटिक सुरू होतं.

ब्लड कल्चरबद्दल मी जरा कडक बोलते. खेड्यातून ताप घेऊन येणारा पेशंट बहुधा दोन-तीन इंजेक्शनं घेऊनच आलेला असतो. ते आपल्या हातात नाही. पण आमच्या दारात आल्यावर पहिला अँटिबायोटिक जायच्या आधी कल्चर जायलाच हवं, हे आमच्या हातात आहे. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त, शक्यतो दोन वेगळ्या जागांवरून. दोन मिलिलिटर घालून पाठवलं तर जंतू असूनही सापडत नाही. कातडी नीट न पुसता घेतलं तर कातडीवरचेच जंतू वाढतात आणि पेशंटला नको ती महागडी औषधं सुरू होतात. अँटिबायोटिक आधीच गेलेलं असेल, तर कुठलं आणि किती वाजता, हे फॉर्मवर लिहा. ती एक ओळ वाचून मायक्रोबायोलॉजीचे डॉक्टर पुढचा विचार वेगळा करतात.

गावाकडून येणाऱ्या सॅम्पलांची कथा आणखी वेगळी. जांबोटीच्या पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथला पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना रस्त्यावर किती वेळ जातो हे सांगायला नको. सकाळी गावात काढलेलं रक्त शहरात पोचेपर्यंत दुपार होते. साध्या बल्बमध्ये ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, दर तासाला पाच ते सात टक्के कमी होत जाते. सीरम वेळेत वेगळं काढलं नाही तर पेशींमधलं पोटॅशियम झिरपत राहतं. मधुमेहाच्या माणसाची साखर 'आटोक्यात' आली असा रिपोर्ट येतो, तो खूश होऊन गोळी अर्धी करतो. म्हणून करडा बल्ब, म्हणून बर्फाची पेटी, म्हणून जिथे शक्य तिथे गावातच सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून सीरम वेगळं काढणारं यंत्र. आणि म्हणूनच बल्बवर नुसती तारीख पुरत नाही, वेळही हवी. आशाताई, गावच्या आरोग्यसेविका, मोटारसायकलवरून पेटी आणणारा पोरगा, या सगळ्यांना ही कारणं कुणीतरी समजावून सांगितली पाहिजेत. नुसत्या सूचना दिल्या तर त्या पावसात वाहून जातात.

कोरोनाच्या काळात घशातले आणि नाकातले स्वॅब आम्ही हजारो लोकांचे घेतले. बेळगावातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर काम करणारी संस्था आहे, तिथे तपासणी सुरू झाली तेव्हा मोठा दिलासा वाटला. त्या दिवसांवर वेगळं लिहीन.

सुई टोचण्याचा धोका मात्र इथेच सांगते, कारण मुली तो हसण्यावारी नेतात. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही. ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार. टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध सुरू करायचं तर जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत तरी. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत, एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची लस घेतल्याशिवाय मी कुणाला सुई हातात देत नाही. 'बोलणी बसतील' म्हणून टोचलेलं लपवणाऱ्या मुलीला बोलणी बसणार नाहीत, हे बघणं आम्हा वरिष्ठांचं काम.

राहता राहिला नातेवाईकांचा प्रश्न. 'रोज रोज किती रक्त काढतासा गे? विकतासा काय?' हा प्रश्न रागानं विचारला जातो, पण त्याच्या मुळाशी काळजी असते. आधीच अशक्त झालेल्या माणसाचं रक्त कमी होतंय असं त्यांना दिसत असतं. मी त्यांना भरलेला बल्ब दाखवते. तीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण नाही. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. पण मी त्यांना हेही सांगते की तुमचा प्रश्न अगदी बिनबुडाचा नाही. आयसीयूमध्ये आठवडे काढलेल्या पेशंटचं रोजच्या तपासण्यांमुळे हिमोग्लोबिन खरंच उतरतं, आणि नवजात बाळाच्या बाबतीत तर प्रत्येक थेंब मोजावा लागतो. म्हणून सकाळच्या राउंडला तीन तपासण्या सांगितल्या असतील तर त्या एकाच टोचणीत बसवायच्या, दुपारी विसरलेली चौथी आठवली तर आधी लॅबला फोन करून विचारायचं की सकाळच्या बल्बमधून होईल का. पुष्कळदा होते.

आणि परत घ्यावं लागलं, तर का, ते खरं सांगायचं. 'लॅबवाल्यांनी हरवलं' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. 'मघाशी घेतलेल्या रक्तात गुठळी झाली, त्याचा रिपोर्ट चुकीचा आला असता, म्हणून परत घेते' असं सांगितलं तर बहुतेक जण हात पुढे करतात. आमच्याकडची माणसं खरं कळलं की समजून घेतात.

फॉर्मवर खाली शेऱ्यासाठी एक रिकामी जागा असते. ती बहुतेक वेळा रिकामीच जाते. आमच्या वॉर्डात आता मुली तिथे लिहायला लागल्या आहेत: डाव्या हाताला सलाईन चालू, उजव्यातून घेतलं. शीर मिळायला त्रास झाला. सकाळी सहाला साखरेचा चहा. सेफ्ट्रायॅक्सोन काल रात्री नऊला दिलं. लॅबमधले तंत्रज्ञ सुरुवातीला विचारायचे, हे कशाला लिहिता. आता शेरा नसला तर तेच फोन करून विचारतात.